पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या बातम्या आणि टप्पे : सांगलीकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या प्रयोगशाळेकडून वर्षातून काही वेळा निवेदने प्रसिद्ध होतात. कोणाचा शोधनिबंध स्वीकारला गेला, कोणाला पीएच.डी. मिळाली, कोणते अनुदान मंजूर झाले, एवढाच त्यांचा विषय असतो. त्यानंतर विद्यार्थी, पालक, हळदीचे व्यापारी आणि स्थानिक वार्ताहर यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रयोगशाळा नेमकी कोणती घटना 'टप्पा' म्हणून जाहीर करते?

शोधनिबंधाचा स्वीकार, संशोधक विद्यार्थ्याची अंतिम मौखिक परीक्षा, अनुदानाचे मंजुरीपत्र आणि नवे उपकरण कार्यान्वित होणे या गोष्टी आम्ही जाहीर करतो. या प्रत्येकीची कागदोपत्री नोंद असते आणि ती कोणालाही पडताळून पाहता येते. 'आशादायक निष्कर्ष हाती आले' अशा स्वरूपाचे निवेदन आम्ही काढत नाही, कारण आशादायक निष्कर्ष प्रत्येक प्रयोगशाळेत दर आठवड्याला येत असतात आणि त्यांतील बरेचसे पुढच्या आठवड्यात विरून जातात.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने मोठा टप्पा मात्र या यादीत नाही. एका विद्यार्थ्याला दिसलेला परिणाम दुसऱ्या विद्यार्थ्याला, वेगळ्या दिवशी, गोठवलेल्या साठ्यातून नव्याने वितळवलेल्या पेशींवर, पहिल्याने हात न लावता पुन्हा दिसला, तर त्या दिवशी आम्हाला खरे समाधान वाटते. एकाच प्लेटमधील, म्हणजे पेशी ठेवण्यासाठी छोटे खळगे असलेल्या तबकातील, तीन खळग्यांत सारखा आकडा आला म्हणजे प्रयोग तीनदा झाला, असे नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला हमखास वाटते. त्या तीन आकड्यांवरून फक्त पिपेट धरणाऱ्याचा हात स्थिर आहे एवढेच कळते, पेशींबद्दल फारसे काही कळत नाही. स्वतंत्र पुनरावृत्ती झाल्याशिवाय आमच्याकडे आलेख भिंतीवर लागत नाही, मग बातमी देणे तर दूरच.

सांगलीच्या हळदीने कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरे आहे का? आपली प्रयोगशाळा हे जाहीर का करत नाही?

हा आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो स्वाभाविकही आहे. मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांवर ज्या शहराचे नाव देशभर पोहोचले आणि ज्या शहराच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील लोकांनी हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे.

होय, हळदीतील कुर्कुमिन हा पिवळा घटक पुरेशा मात्रेत दिला तर फ्लास्कमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मरतात. पण पुरेशा मात्रेत दिल्यास फ्लास्कमधील पेशी मीठ, अल्कोहोल आणि साबणानेही मरतात. म्हणून आमच्यासमोरचे प्रश्न वेगळे असतात : किती मात्रेत मरतात, तेवढ्याच मात्रेत निरोगी पेशी जगतात का, आणि तेवढी मात्रा माणसाच्या रक्तात कधी पोहोचू शकते का?

तिसऱ्या प्रश्नावर गाडे अडते. हळदीच्या पुडीत वजनाने साधारण ३ टक्क्यांच्या आसपास कुर्कुमिन असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फार कमी शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृतात लगेच रूपांतर होते. कित्येक ग्रॅम कुर्कुमिन पोटात गेले तरी रक्तात मूळ स्वरूपातील अंश नगण्य सापडतो. फ्लास्कमधील पेशी मात्र त्या द्रावणातच बुडालेल्या असतात. शिवाय ३७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि रक्ताइतक्या आम्लताक्षारतेला, सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) नसलेल्या द्रावणात, कुर्कुमिनचा बहुतांश भाग अर्ध्या तासातच विघटित होतो. मग २४ तासांनंतर मोजलेला परिणाम कुर्कुमिनचा की त्याच्या तुकड्यांचा, हेही आधी सिद्ध करावे लागते.

आणखी एक अडचण आहे, जी सूक्ष्मदर्शकापाशी बसल्यावरच ध्यानात येते. कुर्कुमिन स्वतः चमकते. निळा प्रकाश टाकला की त्यातून हिरवट प्रकाश बाहेर पडतो, आणि पेशींमधील बदल दाखवण्यासाठी वापरली जाणारी अनेक रंगद्रव्येही नेमका हिरवाच प्रकाश देतात. अशा वेळी पेशी उजळलेल्या दिसल्या तर तो रंगद्रव्याचा प्रकाश आहे की हळदीचा, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये काही खळगे असे ठेवावे लागतात की ज्यांत पेशी आणि कुर्कुमिन असते, पण रंगद्रव्य अजिबात नसते. त्या खळग्यांतूनही प्रकाश आला तर तेवढा वजा करूनच पुढचे बोलायचे असते. हळदीवरचा कोणताही निष्कर्ष कोणी दाखवला की आम्ही आधी हे खळगे कुठे आहेत ते शोधतो. हा आमचा खवचटपणा नव्हे. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख संशोधनपत्रिकेत कुर्कुमिनवरील साहित्याचा सविस्तर आढावा आला, त्यात याच प्रकारच्या फसव्या संकेतांकडे बोट दाखवले होते आणि कुर्कुमिनची उपयुक्तता निर्विवादपणे सिद्ध करणारी मानवी चाचणी आढळत नसल्याचेही नमूद केले होते.

यावर काही वाचक हळदीच्या पेटंटची आठवण करून देतात. १९९५ मध्ये अमेरिकेत, जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ती लढाई अभिमानास्पदच होती. पण तिच्यात मुद्दा हा होता की हा उपयोग आपल्याकडे आधीपासून माहीत आहे, म्हणून तो नवा शोध ठरत नाही. हळदीने कॅन्सर बरा होतो असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही.

हळद स्वयंपाकात खावी, याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. परंतु कॅन्सरवरील उपचार थांबवून हळदीच्या गोळ्या घेण्याचा सल्ला कोणी आमच्या कामाचा दाखला देऊन देत असेल, तर तो आमचा सल्ला नाही.

मग फ्लास्कमधील संशोधनातून कधीतरी उपचार निघतो का?

निघतो, मात्र त्याला लागणारा काळ बातमीच्या मथळ्यात मावत नाही. जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून नेक्सकार-१९ ही भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती तयार झाली. तिच्यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) बाहेर काढून त्यांत एक जनुक घालतात, त्या वाढवतात आणि कॅन्सरग्रस्त बी-पेशी ओळखून मारण्यासाठी पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडतात. रक्ताच्या काही विशिष्ट कॅन्सरसाठी तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. अशी पहिली उपचारपद्धती अमेरिकेत २०१७ मध्येच मान्य झाली होती, म्हणजे मूळ कल्पना ज्ञात असूनही येथे प्रयोगशाळेतील काम, प्राण्यांवरील परीक्षण आणि रुग्णांवरील चाचण्या हे सर्व टप्पे स्वतंत्रपणे पार करावे लागले.

आमचे काम या साखळीच्या अगदी पहिल्या टोकाला आहे. तेथून दुसरे टोक दिसत नाही, आणि दिसते असा आव आणणेही योग्य नाही. जपानचे योशिनोरी ओसुमी हे पेशी स्वतःचेच जुने घटक कसे पचवते याचा अभ्यास साध्या यीस्टवर करत होते. त्यांचे पायाभूत शोधनिबंध १९९२-९३ मधले आहेत आणि नोबेल पुरस्कार २०१६ मधला.

शोधनिबंध 'प्रीप्रिंट' आहे, 'स्वीकारला' आहे आणि 'प्रसिद्ध झाला' आहे, यांत फरक काय?

प्रीप्रिंट म्हणजे लेखकांनी स्वतःहून सर्वांसाठी खुला केलेला मसुदा. जीवशास्त्रात बायोआर्काइव्ह या संग्रहामुळे २०१३ पासून ही पद्धत रूढ झाली. तेथे जुजबी छाननी होते, पण तज्ज्ञांकडून परीक्षण झालेले नसते. संशोधनपत्रिकेकडे पाठवलेला मसुदा संपादक सहसा दोन किंवा तीन समीक्षकांकडे पाठवतात. समीक्षक जवळजवळ नेहमीच जादा प्रयोग मागतात आणि एका वाक्यात मागितलेल्या प्रयोगाला सहा महिने लागू शकतात. ती उत्तरे समाधानकारक वाटली की निबंध स्वीकारला जातो, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी प्रसिद्ध होतो. आमच्या निवेदनात यांपैकी कोणती पायरी आहे ते पहिल्याच वाक्यात लिहिलेले असते. वार्ताहर मित्रांना विनंती आहे की ते वाक्य कापू नये.

पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणाऱ्या पत्रिकांविषयी पालक विचारतात, कारण मुलांना तशी ई-पत्रे येत असतात. अशा पत्रिकांना आळा घालण्यासाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य पत्रिकांची केअर यादी सुरू केली होती, ती २०२५ मध्ये बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. आमची कसोटी साधी आहे. ज्या पत्रिकेतील निबंध आपण स्वतः वाचून आपल्या कामात वापरतो, तिच्याकडेच आपला निबंध पाठवावा.

अनुदान मंजूर झाल्याची बातमी आली, मग उपकरणे लगेच का येत नाहीत?

मंजुरीपत्र आणि हप्ता यांत अंतर असते. पहिला हप्ता आला की निविदा काढाव्या लागतात, आणि पुढील हप्त्यासाठी आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्यातच २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन होऊन संशोधनाला अनुदान देणारे पूर्वीचे एसईआरबी हे मंडळ त्यात सामावले गेले, त्यामुळे अर्जाचे नमुनेही बदलले. याहून अधिक रंजक असे या विषयात काही नाही.

प्रयोगासाठी पेशी कोठून आणता? त्या कोणाच्या असतात?

भारतातील बहुतेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांप्रमाणे आम्हीही सेल लाइन, म्हणजे एकाच मूळ नमुन्यापासून प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या पेशी, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या संग्रहातून घेतो. सर्वांत प्रसिद्ध सेल लाइन हेला ही होय. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या पेशी घेतल्या गेल्या. त्यांची संमती घेतली गेली नव्हती. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले, पण त्या पेशी आजही जगभर वाढत आहेत. त्यांच्या वारसांनी एका मोठ्या कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात २०२३ मध्ये तडजोड झाली. आमच्याकडे नव्या विद्यार्थ्याला हेलाचा फ्लास्क हाती देण्यापूर्वी ही हकीकत सांगितली जाते, आणि रुग्णाचा कोणताही नमुना घ्यायचा असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती का लागते, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हेला इतक्या जोमाने वाढतात की एखादा थेंब चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तर काही आठवड्यांत तेथे त्याच उरतात. अशा रीतीने चुकीच्या नावाने वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या सेल लाइनची संख्या जगात शेकड्यांत आहे. म्हणून सेल लाइनची डीएनए ओळखचाचणी हा आमच्या दृष्टीने शोधनिबंधाइतकाच महत्त्वाचा टप्पा आहे. दुसरी डोकेदुखी मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची. साध्या जिवाणूंचा शिरकाव झाला की माध्यम, म्हणजे पेशींचे पोषक द्रावण, रातोरात गढूळ होते, त्यातील गुलाबी-लाल रंग पिवळा पडतो आणि फ्लास्क हातात घेताक्षणी कळते. मायकोप्लाझ्मा मात्र माध्यम स्वच्छ ठेवून पेशींचे वर्तन आतून बदलतो. तो शोधायला वेगळी चाचणीच करावी लागते, आणि ती ठरलेल्या तारखेला होते, शंका आली म्हणून नव्हे.

पूर आला किंवा वीज गेली तर या पेशींचे काय होते?

कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली की सांगलीत जो तो आपापले सामान वरच्या मजल्यावर नेतो. प्रयोगशाळेतही तेच घडते, फक्त सामान थोडे वेगळे असते.

वाढत्या पेशी ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इनक्युबेटरमध्ये असतात. त्यांना अखंड वीज लागते, आणि जनरेटरचे डिझेल संपले की त्या वाचत नाहीत. म्हणून पावसाळ्यात लांबलचक प्रयोग आम्ही सहसा सुरू करत नाही. साठ्यातील पेशी मात्र उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये असतात. त्या भांड्याला विजेची गरज नसते. कृत्रिम रेतनासाठी येणारे पशुवैद्यक दुचाकीला अडकवून जे भांडे आणतात, त्याच जातीचे पण मोठे असे ते भांडे असते. आत नायट्रोजन किती उरला आहे हे पाहण्याची रीत जुनीच आहे : लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवायची, काही सेकंदांनी बाहेर काढून हवेत हलवायची, आणि पट्टीवर पांढरे दव जेथपर्यंत गोठते तेथपर्यंत पातळी समजायची. भांडे पूर्ण भरलेले असेल तर ते कित्येक आठवडे टिकते. खरी चिंता रस्त्याची असते. ऑगस्ट २०१९ मध्ये महापुराने पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद राहिला होता. अशा काळात नायट्रोजनची गाडी येणार कोठून? त्यामुळे मे महिन्याअखेर भांडी काठोकाठ भरणे आणि महत्त्वाच्या सेल लाइनच्या काही कुप्या दुसऱ्या गावातील सहकाऱ्यांकडे ठेवणे, हे आता वार्षिक वेळापत्रकातच आहे.

छायाचित्रांतील पेशी इतक्या रंगीत खरोखरच असतात का?

नसतात. बहुतेक पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. केंद्रक निळे दिसते ते डीएनएला चिकटणाऱ्या रंगद्रव्यामुळे, आणि हिरवा रंग पुष्कळदा एका जेलीफिशपासून मिळालेल्या प्रथिनाचा असतो. या प्रथिनावरील कामाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कॅमेरा प्रत्येक रंगाची छबी स्वतंत्रपणे, कृष्णधवल टिपतो आणि रंग संगणकावर भरले जातात. छायाचित्र सुंदर आहे म्हणून निष्कर्ष बळकट ठरत नाही. त्याखालची मोजपट्टी आणि किती पेशी मोजल्या तो आकडा आधी वाचावा.

आपल्याकडे स्टेम सेल उपचार मिळतात का?

नाही. आम्ही कोणत्याही रुग्णावर उपचार करत नाही. स्टेम सेल म्हणजे इतर प्रकारच्या पेशी निर्माण करू शकणाऱ्या मूळ पेशी. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठी होणारे रक्तपेशीजनक स्टेम सेलचे प्रत्यारोपण अशा मोजक्या मान्य उपचारांपलीकडे स्टेम सेलचा वापर केवळ परवानगीप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. गुडघेदुखीपासून मुलांच्या स्वमग्नतेपर्यंत सर्वांवर एकच इंजेक्शन सांगून लाखांची रक्कम मागणारी जाहिरात दिसली, तर वरील दोन बाबी संबंधितांना लेखी विचाराव्यात.

प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुढे चुकीचा निघाला तर काय करतात?

चूक मर्यादित असेल तर पत्रिका दुरुस्ती छापते, आणि मूळ निष्कर्षच उभा राहत नसेल तर निबंध मागे घेतला जातो. जपानमधील स्टॅप पेशींचे प्रकरण प्रसिद्ध आहे. साध्या पेशी सौम्य आम्लात बुडवल्या की त्या स्टेम सेलसारख्या होतात, असा दावा जानेवारी २०१४ मध्ये नेचर या पत्रिकेत आला आणि जगभर मथळे झळकले. इतर प्रयोगशाळांना तो प्रयोग जमेना, छायाचित्रांवर आक्षेप आले आणि जुलैमध्ये निबंध मागे घेतले गेले. मथळे विरले, पण स्वीकारलेला निबंध हे सत्यावर उमटलेले शेवटचे शिक्कामोर्तब नसते, हे त्यातून सर्वांनाच कळले. आमच्या निबंधात दुरुस्ती झाली तर तीही मूळ बातमीइतक्याच ठळकपणे जाहीर करायची, असा नियम आहे.

पीएच.डी.ला किती वर्षे लागतात आणि त्या काळात विद्यार्थ्याला काही मिळते का?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ आणि कमाल ६ वर्षे, त्यापुढे मुदतवाढीची तरतूद आहे, महिलांना त्यात अधिक सवलत आहे. पेशींवरच्या कामाला प्रत्यक्षात साधारण ५ वर्षे धरावीत, कारण पहिले वर्ष हात बसण्यातच जाते. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. राज्यात सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. 'मुलगी पंचविशीची झाली, अजून शिकतेच का?' असे पालक काळजीने विचारतात; त्यांना आम्ही एवढेच सांगतो की ही छात्रवृत्ती तिला तिच्या पूर्णवेळ कामाबद्दलच मिळत असते.

अंतिम मौखिक परीक्षा खुली असते. त्या दिवशी आई-वडिलांनी अवश्य यावे. विषय कळला नाही तरी बाह्य परीक्षकाच्या प्रश्नाला आपले मूल मराठी-इंग्रजी मिसळत, फळ्यावर आकृती काढून उत्तर देताना पाहणे हा प्रमाणपत्राच्या छायाचित्रापेक्षा निश्चितच चांगला अनुभव आहे.

शाळेच्या मुलांना प्रयोगशाळा पाहता येईल का?

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आठवड्यात येता येईल. पेशीसंवर्धनाच्या खोलीत बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश नाही, कारण एका शिंकेने महिन्याचे काम वाया जाऊ शकते. ती खोली काचेतून पाहता येते. बाहेरच्या टेबलावर मुले स्वतःच्या गालाच्या आतील पेशी स्वच्छ काडीने हळुवार खरवडून काचपट्टीवर घेतात, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक पाहतात. शिक्षकांनी एका वेळी लहान गटच आणावेत, आणि मुलांनी पायात बंद बूट घालावेत.